कोविडात नैराश्याची लाट आली होती की गूगल फॉर्मची?

आकडेमोड्या (धागाकर्ता)

'महासाथीनं दर तिसऱ्या भारतीयाला नैराश्यात ढकललं आणि आपण गप्प बसलो' ही पोस्ट आज चौथ्यांदा आली. खाली बदामांचा पाऊस. आता मात्र राहवत नाही.

एप्रिल २०२० मध्ये ज्याला त्याला शोधनिबंध लिहायचा होता आणि घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. मग पीएचक्यू-९ या नैराश्य चाचपण्याच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न गूगल फॉर्ममध्ये टाकले, व्हॉट्सअ‍ॅपवर सोडले, 'भरा आणि पुढे पाठवा'. भरले कोणी? ज्यांच्याकडे स्मार्टफोन, रिकामा वेळ आणि आधीच काहीतरी सलत होतं त्यांनी. २७ पैकी १० गुण झाले की 'नैराश्य'. झाला निबंध!

१० या रेषेवर मूळ २००१ च्या अभ्यासात संवेदनशीलता (खरे आजारी पकडण्याचं प्रमाण) ८८ टक्के आणि विशिष्टता (धडधाकटांना बरोबर वगळण्याचं प्रमाण) ८८ टक्के होती. ऐकायला झकास. आता १००० माणसं घ्या, त्यात खरे आजारी ५०. फॉर्म त्यातले ४४ पकडतो. उरलेल्या ९५० धडधाकटांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांवरही शिक्का मारतो. एकूण १५८. आजार ५ टक्के, फॉर्म म्हणतो जवळजवळ १६, आणि शिक्का बसलेल्या चारांतल्या तिघांच्या आसपास लोकांना आजारच नाही. हे चांगल्या नमुन्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

त्यात झोप, थकवा, भूक, एकाग्रता हे चार प्रश्न. कोविडातून उठलेला माणूस थकव्याला ३, झोपेला ३, भुकेला २, एकाग्रतेला २ देतो. झाले १०. उदास वाटणं शून्य, कशात रस नसणं शून्य. या दोहोंपैकी एकही नसताना नैराश्याचं निदान कोणी करून दाखवावं.

आणि 'वाढलं' म्हणता ते कशापेक्षा? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. आपल्याकडे आधीचा आकडाच नाही, पण टक्केवारी बिनधास्त.

ओपीडी नंबर ७

गणित बरोबर, निष्कर्ष उफराटा. फॉर्म फुगवतात म्हणून आजार नव्हता, हे कसं ठरलं? त्याच सर्वेक्षणात उपचारांपासून दूर राहणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होतं. हे महासाथीच्या आधीचं. मग रोजच्या ओपीडी आटल्या. रोगनिदान डॉक्टरसमोर बसल्यावर होतं. कोणी बसलंच नाही तर रजिस्टर कोरं राहणार. कोरं रजिस्टर म्हणजे निरोगी तालुका नव्हे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं १३० देशांत विचारलं, तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्यसेवा कुठे ना कुठे बंद किंवा विस्कळीत होत्या. तुम्ही फॉर्ममधला फुगा फोडत बसलात, आणि जे फॉर्म भरत नाहीत ते गणतीतच नाहीत.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला दर दोन ते चार आठवड्यांनी फ्लुफेनाझिन डेकॅनोएटचं इंजेक्शन लागतं. ते जिल्हा रुग्णालयात मिळतं. एसटी जिल्ह्याबाहेर सुटायला ऑगस्ट उजाडला. दोन डोस चुकले की लगेच काही दिसत नाही, औषध स्नायूत मुरलेलं असतं. आठवड्यांनी संशय, जागरण, आरडाओरडा सुरू होतो. तोवर घरचे म्हणतात, 'इंजेक्शनाशिवाय छान चाललं होतं की.' हा माणूस तुमच्या पीएचक्यूत कुठे बसतो?

काउंटरमागे

इंजेक्शनचं सोडा, गोळ्यांचं बोला. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची (फोन-व्हिडिओवरून उपचारांची) नियमावली आली आणि सगळा ताप काउंटरवर. चिठ्ठीचा फोटो म्हणजे काय असतो? डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, तारीख, पेशंटचं नाव-वय, औषधाचं मूळ नाव, सही. आम्हाला यायचा तो २०१७ च्या चिठ्ठीचा, तेलाचा डाग पडलेला. त्यावर अल्प्राझोलाम, चिंतेवरची सवय लागणारी गोळी. ते एच-१ या कडक नोंदीच्या औषध-यादीत येतं, वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं हे लिहून तीन वर्षं जपायचं. इन्स्पेक्टर आला की तुमचा 'माणुसकीचा दृष्टिकोन' कुठल्या रकान्यात लिहू?

ओपीडी नंबर ७

काका, अल्प्राझोलाम नाकारलंत ते ठीकच. पण त्याच दमात पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधंही नाकारली जात होती. ती एकदम थांबली की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, घाम, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके. पेशंटला वाटतं कोविड, फॅमिली डॉक्टरला वाटतं चिंताविकार, आणि आकडेमोड्यांच्या फॉर्मला वाटतं नवी केस. प्रत्यक्षात स्ट्रिप संपलेली.

काउंटरमागे

म्हणजे चूक आमचीच! चिठ्ठीवर तीन महिन्यांचं लिहून द्यायला पेन झिजत होतं का? 'एक महिना, मग दाखवा' हे कोणी लिहिलं?

ओपीडी नंबर ७

नियमावली वाचायची तसदी घ्या, मग बोला. त्याच डॉक्टरनं त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष पाहिलं असेल तरच तो 'फॉलो-अप'. जानेवारीत येऊन गेलेला पेशंट जुलै संपता संपता कागदोपत्री 'नवा' झाला. नव्याला नियमावलीतल्या 'अ' यादीतली औषधं व्हिडिओवर पाहूनच. गावात टॉवरखाली उभं राहून फोन लागतो, तिथे व्हिडिओ कुठून आणायचा? आणि अमली पदार्थ कायद्यातली औषधं व शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणाची यादी) तर टेलिवर साफ बंद. एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) पोरांचं मिथाइलफेनिडेट त्यात गेलं. लोराझेपाम, डायझेपाम ही शांत करणारी औषधं त्यात गेली.

गोयंकार

हा लोराझेपामचा मुद्दा फार घाईत गेला. टाळेबंदीत दारूची दुकानंही बंद होती, मे उजाडेपर्यंत. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो. फिट पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत काहींना भ्रम, ताप, भिंतीवर किडे दिसणं. यावर डायझेपाम किंवा लोराझेपाम उतरत्या डोसात आणि थायामिन (जीवनसत्त्व बी-१), तेही ग्लुकोजची बाटली लावण्याआधी. म्हणजे दारू बंद, दारू सोडवणारं औषध फोनवर बंद, आणि रुग्णालयात न्यायचं तर वाटेत पोलिसांचा दंडुका. केरळ सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता; डॉक्टरांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयानं एप्रिलच्या सुरुवातीला स्थगिती दिली. बरोबरच होतं ते. चिठ्ठीवर दारू हा उपचार नाहीच, पण पर्याय तरी द्या की.

आकडेमोड्या

धागा कुठे होता, कुठे नेलात. औषधं खंडली हे मी नाकारलंच नाही. माझा प्रश्न 'दर तिसरा' कुठून आला एवढाच.

क्लेमग्रस्त

कुठून आला ते जाऊ द्या, खरा आकडा कधी मिळणारच नाही, कारण निदान लिहिलंच जात नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २१(४): शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्या. विमा नियामकाचं परिपत्रक १६ ऑगस्ट २०१८. आणि 'आता तरी पाळा' म्हणून मुदत ३१ ऑक्टोबर २०२२. मधली चार वर्षं, त्यात अख्खी महासाथ, कंपन्या जांभया देत होत्या. शिवाय बहुतेक पॉलिसींना २४ तास भरती लागते. नैराश्याचे उपचार ओपीडीत होतात. मिळतं शून्य, आणि प्रस्तावात लिहिलं तर पुढची पॉलिसी अडते. म्हणून लोक डॉक्टरला गळ घालतात, 'एफ-३२ (नैराश्याचा कोड) नका लिहू, झोपेचं काहीतरी लिहा.' मग फाइलीत नैराश्याचं एफ-५१, म्हणजे झोपेचा विकार, होतं. म्हणे महासाथीतली निदानं मोजा.

आकडेमोड्या

हे मात्र मान्य, जरा नाइलाजानं. फॉर्म फुगवतो तसं रजिस्टर आखडतं. पण मग 'दर तिसरा' ही थाप आहे हे तुम्हीही मान्य करा.

वऱ्हाडी ठेचा

थाप म्हणा नाहीतर काही म्हणा. एनसीआरबीचं (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं) पुस्तक उघडा. आत्महत्या २०१९ मध्ये १,३९,१२३. २०२० मध्ये १,५३,०५२. २०२१ मध्ये १,६४,०३३. एकट्या महाराष्ट्रात २०२० ला १९,९०९ आणि २०२१ ला २२,२०७. हे गूगल फॉर्म नाहीत, पोलिसांचे पंचनामे आहेत. माणसं गेली आणि तुम्ही विशिष्टता मोजत बसला. लाज वाटू द्या थोडी.

आकडेमोड्या

लाज काढायचं काम नाही. २०२१ च्या आकड्यांत चौथा हिस्सा रोजंदारीवाल्यांचा आहे, २५.६ टक्के. बुडालेल्या मजुरीला नैराश्य म्हणायचं आणि समुपदेशनाचा नंबर द्यायचा, हीच तर माझी तक्रार. सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये 'किरण' हेल्पलाइन काढली, टाळेबंदी लागून साडेपाच महिन्यांनी. ज्याला रेशन हवं होतं त्यालाही तोच नंबर.

ओपीडी नंबर ७

मजुरी बुडाल्यावर नैराश्य येत नाही असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? कारण बाहेरचं असलं तरी झोप उडते, जगणं नको होतं. ते दोन आठवडे टिकलं आणि काम सुटलं की उपचार लागतात, रेशनसकट. तुमचा फॉर्म वाईट नाही, वापर वाईट. १० च्या वर आला की शिक्का नको, अर्धा तास बोलणं हवं: उदासी रोज आहे का, आधी असं झालं होतं का, थायरॉइड पाहिलं का, स्टिरॉइड चालू होतं का? दुसऱ्या लाटेत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिवसाला ६ मिलिग्रॅम, दहा दिवस, म्हणजे रोज सुमारे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं. अनेकांना त्याहून बरंच जास्त, बरेच दिवस. त्यातून झोप उडणं, बडबड, उन्माद, बंद केल्यावर उदासी. त्यांना नवा 'बायपोलर' (उन्माद-नैराश्याचा आजार) म्हणून मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम सुरू करायचं की आधी स्टिरॉइडची तारीख पाहायची? आणि नववा प्रश्न, जगणं नकोसं वाटण्याचा, त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी विचारायचं. व्हॉट्सअ‍ॅप फॉर्ममध्ये त्याला 'सबमिट केल्याबद्दल धन्यवाद' एवढंच उत्तर मिळत होतं.

आकडेमोड्या

नवव्या प्रश्नावर +१. बाकी तसूभरही हललो नाही.

काउंटरमागे

लिथियमचा विषय काढलाच आहे तर: ताप आला की लोक अंगदुखीला आयबुप्रोफेन मागायचे. लिथियमवाल्याला ते दिलं, त्यात ताप, घाम, जुलाब, पाणी कमी, की रक्तातली पातळी चढते. हात जाडसर थरथरू लागले, उलट्या, चाल तिरकी, तर पुढची गोळी थांबवून थेट रुग्णालय. तापाला पॅरासिटामॉल. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये जायचं नाही. हे डॉक्टर सांगत नाहीत, आम्हीच सांगतो.

ओपीडी नंबर ७

सांगतो हो. चिठ्ठीच्या मागे लिहिलेलं असतं. तुम्ही फोटो पुढचाच मागवता.