उपासनेचा क्रम बदलला की मंडळीचा विश्वासही बदलतो का?

प्रश्न
आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेचा क्रम नव्याने ठरवला जात आहे. पापांगीकार (पापांची कबुली), प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचे थोडक्यात निवेदन) आणि प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली प्रार्थना) दर रविवारी म्हटल्याने ती केवळ पाठांतर ठरतात, असे काहींचे मत असून त्याऐवजी अधिक गीते व दीर्घ उपदेश असावा, अशी त्यांची मागणी आहे. विश्वास घडतो तो उपदेशाने, की वारंवार उच्चारलेल्या शब्दांनी आणि कृतींनी?

उत्तर १
या दोन गोष्टी इतिहासात इतक्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत. चौथ्या शतकात कैसरियाचा (आजच्या तुर्कस्तानातील) बिशप बासिल पित्याची स्तुती ‘पुत्रासह आणि पवित्र आत्म्यासह’ अशाही शब्दांत करी, आणि ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ एवढेच रूप मान्य असणाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. बासिलने इ.स. ३७५च्या सुमारास ग्रंथ लिहून उत्तर दिले, त्यात त्याचा एक मुख्य आधार बाप्तिस्म्याचे शब्द हा होता : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्यांनी स्तुती करताना आत्म्याला खालच्या पायरीवर का ठेवावे? पुढे ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल येथील बिशपांच्या परिषदेचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मतांगीकारात, पिता व पुत्र यांच्यासह आत्म्याचीही आराधना आणि गौरव होतो, असे विधान आले. मंडळी जे आधीपासून म्हणत होती, त्याचा अर्थ सिद्धांताने नंतर उलगडला. त्यामुळे क्रमातून एखादे वाक्य वगळताना त्यासोबत काय जाते, हे आधी तपासावे.

उत्तर २
मला गीतांची चिंता अधिक वाटते. उपदेश आठवड्याभरात विसरला जातो, पण चालीवर बसलेली ओळ काम करतानाही ओठांवर येते, म्हणून गीते निवडणारी व्यक्ती, तिला ठाऊक असो वा नसो, मंडळीची शिक्षिकाच असते. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. आपल्या गीतांच्या यादीत असा स्वर किती वेळा येतो? जिथे केवळ विजयाची गीते गायिली जातात, तिथे नुकतेच मूल गमावलेल्या आईला आपले दुःख म्हणजे विश्वासाची उणीव वाटू लागते, जरी तसा उपदेश कोणीही केलेला नसला तरी.

उत्तर ३
वरील दोन्ही मते पटतात, पण कृतीवर इतका भरवसा ठेवणे मला धोक्याचे वाटते. पहिल्या शतकात करिंथ या ग्रीक शहरातील मंडळीत प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याचा विधी) नियमित होत होते, तरीही एक जण उपाशी राही आणि दुसरा मद्याने धुंद होई. त्यावर, तुमचे हे भोजन प्रभूचे भोजनच नव्हे, असे प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात सुनावले. त्याच भाकरीने तेथे एकोपा वाढण्याऐवजी श्रीमंत-गरीब भेद ठळक केला. विधी विश्वासाला घडवतो तसा तो बिघडवूही शकतो, म्हणून त्याचा अर्थ सांगणारा उपदेश लागतोच.

प्रश्नकर्ता
मग यांत्रिकपणाचे काय करावे?

उत्तर १
बऱ्याचदा त्याचे मूळ पुनरावृत्तीत नसून घाईत असते. पापांगीकारापूर्वी मिनिटभर स्तब्धता ठेवावी, म्हणजे त्या शब्दांत स्वतःचे काही मांडायला जागा मिळते. मतांगीकार काढून टाकण्याऐवजी काही रविवार त्याच्याच एकेका कलमावर उपदेश ठेवून पाहा. मागणी दीर्घ उपदेशाचीच आहे, तेव्हा तक्रार करणाऱ्यांचीही त्याला हरकत नसावी.