मदत हवी आहे: कॅम्पसाइटचे भाडे वाढल्यावर आपण मुक्काम कुठे हलवलात?

आम्ही मध्य इंग्लंडमध्ये राहतो आणि गाडीमागे ओढायची चार जणांची कॅरॅव्हॅन (चाकांवरचे छोटे घर) घेऊन दर उन्हाळ्यात वेल्सच्या किनाऱ्यावर जातो. ज्या मोठ्या साइटवर आम्ही 2019 मध्ये वीजजोडणीसह रात्रीला 29 पौंड भरले, तिथेच यंदा ऑगस्टसाठी 47 पौंड सांगितले असून ऑनिंग लावण्याचे पैसे वेगळे आहेत. (त्या कापडी पडवीत आम्ही फक्त ओल्या चपला ठेवतो!)

पर्याय म्हणून जूनमध्ये एका शेतावरील, कॅरॅव्हॅनधारकांच्या क्लबने मान्यता दिलेल्या छोट्या साइटवर तीन रात्री राहून पाहिले. कॅरॅव्हॅन साइटविषयीच्या 1960 च्या ब्रिटिश कायद्यातील सवलतीमुळे अशा जागी स्वतंत्र परवाना लागत नाही. मात्र एका वेळी पाचच कॅरॅव्हॅन उभ्या करता येतात. भाडे जवळपास निम्मे होते, परंतु नळ आणि संडासाची टाकी रिकामी करण्याची जागा याखेरीज तिथे काहीच नव्हते, आणि गुडघ्यांमुळे सासूबाईंना कॅरॅव्हॅनमधल्या अरुंद न्हाणीत उभे राहता येत नाही.

मुलांच्या शाळेमुळे तारखा बदलता येणार नाहीत, वीजजोडणी आवश्यक आहे आणि क्लबचे सदस्यत्व आमच्याकडे आहे. रस्त्याकडेला मुक्काम किंवा मोटरहोम (स्वतःचे इंजिन असलेले फिरते घर) हे पर्याय कृपया सुचवू नयेत.

भाडेवाढीमुळे आपल्यापैकी कोणी मोठ्या साइट सोडून अशा पाच कॅरॅव्हॅनच्या जागांकडे वळले असल्यास, मीटरप्रमाणे विजेचे पैसे धरूनही खर्च खरोखर कमी होतो का, आणि वेल्समधील पेम्ब्रोकशर किंवा ग्वीनेथ या भागांमध्ये गरम पाण्याची न्हाणीघरे असलेली अशी जागा ऑगस्टसाठी किती महिने आधी राखून ठेवावी लागते?