बजेट ऑनरोड ९५, मागे बसणार बाबा: ई-क्लास, ५ सिरीज की अजून काही? (पुणे)

भोसरीवाला:
मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय इथं, आज पहिल्यांदाच विचारतोय. भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, राहायला बाणेर. सध्याची गाडी ९ वर्षांची स्कोडा सुपर्ब, १ लाख ४० हजार किमी झालेत, अजून कुरकुर नाही पण घरचे म्हणतात आता बास कर. बाबा ७४ चे, डावा गुडघा बदललाय, महिन्यातून दोनदा त्यांना दादरला आत्याकडे न्यायचं असतं, कधी ड्रायव्हर असतो कधी मी. मर्सिडीजची ई-क्लास लाँग व्हीलबेस आणि बीएमडब्ल्यू ५ सिरीजची लांब ५३० एलआय डोक्यात आहेत. तीन-चार शोरूम फिरलो, नावं घेत नाही, एका ठिकाणी पोराने पाऊण तास अँबियंट लाइटचे रंग दाखवले आणि टेस्ट ड्राइव्हला म्हणाला सर पुढच्या सिग्नलवरून यू-टर्न मारू. आता ९५ लाख घालायचे तर टेक्नॉलॉजीसाठी घालायचे का, पाच वर्षांनी त्या स्क्रीनचं काय होतं, ते अडास (गाडी स्वतः ब्रेक मारते, पट्ट्यांत ठेवते ते) पुण्यात चालतं का, आणि गाडी माझ्या नावावर घेऊ की कंपनीच्या? सविस्तर सांगा, टायपायला वेळ असेल तर.

वारज्याचा_पूल:
सगळ्यात आधी घरी जा आणि पार्किंगला टेप लाव. मस्करी नाही करत. ई-क्लास ५०९२ मिमी लांब आहे, ५३० एलआय ५१६५. आमच्या सोसायटीत ते वर-खाली होणारं मेकॅनिकल पार्किंग आहे, पाटीवर लिहिलंय लांबी ५००० पर्यंत. एका शेजाऱ्यांनी नवीन मोठी सेडान आणली, पॅलेटवर चढवली, मागचा बंपर चार बोटं बाहेर, सेन्सर काही लिफ्ट हलू देईना. सकाळचे साडेआठ, खाली सहा गाड्या अडकलेल्या, वॉचमन शिट्ट्या मारतोय आणि काका टाय लावून उभे. आता ती गाडी बाहेर रस्त्यावर झाडाखाली असते, वर कावळे.

भोसरीवाला:
हाहा. आमचं स्टिल्ट आहे, पण खांब आहे बाजूला. उद्या मोजतो.

एम्बाप्पा_नव्हे_आंबाप्पा:
सुपर्ब ठेव आणि पाषाणला वन आरके घे 😄

नाव_विचारू_नका:
माझ्याकडे ५ वर्षांपासून एक जर्मन सेडान आहे, कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण इथं लगेच मारामारी सुरू होते. चालवायला लोणी आहे, ते आधीच सांगतो. तिसऱ्या वर्षी एका रविवारी खालापूरला चहाला थांबलो, परत आलो तर गाडी उघडली, सगळे दिवे लागले, आणि स्क्रीनवर लाल बॅटरी. स्टार्टच होईना. आजकालच्या बहुतेक पेट्रोल-डिझेल लक्झरी गाड्यांत ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड सिस्टीम (इंजिनला मदत करणारी छोटी बॅटरी-मोटर) असते, नेहमीच्या १२ व्होल्टच्या सोबत, आणि इंजिन चालू करायचं कामही बऱ्याचदा तीच करते, म्हणजे ती रुसली की धक्का मारून काही होत नाही. फ्लॅटबेडवर घालून आणली, १९ दिवस वर्कशॉपमध्ये, पार्ट बाहेरून यायचा होता. वॉरंटी होती म्हणून पैसे गेले नाहीत, पण १९ दिवस मी ऑफिसला रिक्षाने. म्हणून एक्स्टेंडेड वॉरंटी पहिल्याच दिवशी घे आणि त्यात हायब्रिड बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स धरलंय का ते कागदावर वाच, सेल्सवाल्याच्या तोंडून नको. बदली गाडी किती दिवसांनी देणार तेही लिहून घे.

स्क्रीनचं म्हणशील तर इंजिन १५ वर्षं चालेल, सीट १० वर्षं टिकेल, स्क्रीन मात्र चौथ्या वर्षीच तुझ्या जुन्या फोनसारखी वाटायला लागते, दाबलं की विचार करते मग उघडते. ई-क्लासमध्ये शेजारच्या सीटसमोर पण स्क्रीन आहे आणि डॅशवर सेल्फी कॅमेरा आहे, पहिल्या महिन्यात पाहुण्यांना दाखवायला छान, बाबांना त्याचा काय उपयोग तू ठरव. विचारायचं ते हे की अपडेट किती वर्षं येणार, कनेक्टेड सर्व्हिस किती वर्षं फुकट आणि नंतर वर्षाला किती. आणि काच खाली, एसी कमी, धुरकटलेली काच साफ करायची हवा, या तीन गोष्टी रस्त्यावरची नजर न काढता करता येतात का बघ.

चतुःशृंगी_उतार:
दादा, मी स्क्रीनबद्दल काही सांगणार नाही, माझ्या आईचं सांगते, तिचे दोन्ही गुडघे झालेत. सेडान घेताना आम्ही व्हीलबेस वगैरे बघत बसलो आणि आई काय करते ते बघितलंच नाही. ती आधी बूड टेकवते, मग डोकं वाकवते, मग एकेक पाय दोन्ही हातांनी धरून आत घेते, म्हणजे सीट जेवढी खाली तेवढं तिला वाईट आणि दाराचा उंबरठा जेवढा रुंद तेवढं अजून वाईट. त्यामुळे बाबांना शोरूममध्ये ने, ते रोज घालतात त्याच चपला घालून, आणि एकदा नाही, पाच वेळा बसव-उठव. पहिल्यांदा सगळेच उत्साहाने बसतात, चौथ्यांदा खरं कळतं. आणि तिथं नाही, गाडी फूटपाथला लावून, कारण शोरूमच्या सपाट फरशीवर कुणीपण उतरतं.

अजून एक, आम्ही एका गाडीत बसलो होतो तेव्हा आई म्हणाली "जरा वारा कमी कर गं", तर गाडी गप्पच. मी मग इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिने ऐकलं. आई म्हणाली, ही पण इंग्लिश मीडियमची का.

वारज्याचा_पूल:
@चतुःशृंगी ताई 😂

आता अडासचं. त्यात रडार बंपरमागे असतं आणि कॅमेरा पुढच्या काचेवर आरशामागे. रडारला अंतर कळतं, कॅमेऱ्याला पट्टे कळतात, आणि आपल्याकडे पट्टे पुसलेले असतात. एक्सप्रेसवेवर कार १०० ला लावून अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखून आपोआप वेग ठेवणारं) मस्त चालतं, समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे तिथं तर झोपच यायला लागते, तीच खरी भीती. पण शहरात? कर्वे रोडवर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलंस की त्या फटीत अ‍ॅक्टिव्हावाली काकू येणार, गाडी ब्रेक मारणार, मागचा तुझ्या डिकीत. म्हणून मी शहरात क्रूझ लावत नाही आणि लेन असिस्ट पण बंद ठेवतो, स्टीअरिंगला उगाच हात घालतं. ऑटो ब्रेकिंग मात्र कधी बंद करू नकोस, कात्रजवरून नवले पुलाकडे उतरताना एकदा तरी आठवण येईलच. दोन्ही गाड्यांना युरो एनकॅपमध्ये (युरोपातली क्रॅश टेस्ट) ५ स्टार आहेत, ५ सिरीजला २०२३ मध्ये आणि ई-क्लासला २०२४ मध्ये, पण लक्षात ठेव, ते युरोपातल्या गाड्यांचे आहेत, आपल्याकडच्या लांब आवृत्तीचे नाहीत. आणि हो, पुढची काच फुटली तर नुसती काच नाही, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पण करावं लागतं, बाहेरच्या काचवाल्याकडे जाऊ नको.

सीए_सदाशिव:
नावाचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून मी घेतो. ऑक्टोबर २०२४ ला ई २०० (पेट्रोल ई-क्लास) आली तेव्हा एक्स-शोरूम ७८.५ लाख होती, ५३० एलआय जुलै २०२४ ला ७२.९. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून मोठ्या गाड्यांवर सेस गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी झाला, तेव्हा भाव खाली आले होते, त्यामुळे आजचा आकडा लेखी घ्या. मी हिशोबापुरता ७८.५ धरतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर रोड टॅक्स १३ टक्के, म्हणजे १० लाख २० हजारांच्या आसपास. डिझेलला १५ टक्के. कंपनीच्या नावावर २० टक्के, म्हणजे १५ लाख ७० हजार. साडेपाच लाख इथंच गेले. त्या बदल्यात दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, व्याज आणि मेंटेनन्स खर्चात टाकता येतं, पण जीएसटीचं क्रेडिट अशा गाडीवर मिळत नाही, बरेच जण ते धरूनच चालतात आणि मग मला फोन करतात. तुमचा नफा किती आणि गाडी किती वर्षं ठेवणार त्यावर ठरेल. १ टक्का टीसीएस (डीलर आगाऊ घेतो तो आयकर) लावतील तो रिटर्नमध्ये परत मागा, विसरू नका.

इलेक्ट्रिकला जीएसटी फक्त ५ टक्के, पण त्यात तुमच्या बजेटमध्ये बसेल अशी लांब सेडान शोधावी लागेल. मर्सिडीजची इलेक्ट्रिक ईक्यूएस आपल्या चाकणला जुळते, पण २०२२ मध्येच १ कोटी ५५ लाख होती.

भोसरीवाला:
चाकणवरून आठवलं, ई-क्लास पण चाकणचीच ना? म्हणजे पार्ट स्वस्त?

नाव_विचारू_नका:
चाकणचीच, २००९ पासून आहे तो प्लांट. ५ सिरीज चेन्नईची. पण चाकणला जुळते म्हणून हेडलाइट स्वस्त मिळेल असं समजू नकोस, तिथं कारखाना आहे, मंडई नाही. शांतता हवी असेल तर लेक्ससची ईएस ३००एच पण चालवून बघ, २.५ लिटर हायब्रिड, प्लग लावायची भानगड नाही.

एकतानगरी_वरचा_मजला:
इन्शुरन्स कुणी बोललंच नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला पाणी आलं तेव्हा आमच्या खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलं तर नाही मिळत. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करायची नाही, ड्रायव्हरला पण सांगून ठेवा, तो हमखास करतो.

भोसरीवाला:
अपडेट. टेप लावला, खांबापासून पुढं ५३०० आहे, दोन्ही बसतात. काल बाबांना दोन्हीकडे नेलं, कोल्हापुरी चपला घालून. ताई, तुम्ही म्हणालात तसं पाच वेळा बसवलं आणि जे कळलं ते मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. बाबा सुपर्बमधून उतरताना पुढच्या सीटची पाठ धरून उठतात, सवय आहे. या लांब गाड्यांत पुढची सीट एवढी लांब की हातच पोचेना, हवेत हात फिरवत बसले बिचारे. मग एका गाडीत मागून पुढची सीट सरकवायचं बटण होतं, सेल्सवाला कौतुकाने दाखवत होता की सर बघा, अजून पाय पसरा. बाबांनी ते उलटं दाबलं, सीट जवळ आली, धरली आणि उठले. सेल्सवाला गप्प. बाबा मला म्हणाले, एवढी जागा आहे, मग धरायला काही का सोडलं नाही.

शनिवारी तीच गाडी एक्सप्रेसवेला न्यायला देतायत, लोणावळ्यापर्यंत. डिझेल की पेट्रोल ते अजून ठरत नाहीये, महिन्याला १५०० किमी होतात, सीए साहेब जागे असाल तर सांगा.

सीए_सदाशिव:
१५०० ला पेट्रोल. दोन टक्के टॅक्स वाचतो, तो आधी खिशात टाका.