झुकिनीचा ढीग झालाय, तवसोळी होईल का?

न्यू जर्सीत राहते, ऑगस्टमध्ये परसातल्या झुकिनी थांबतच नाहीयेत, दोन दिवस लक्ष गेलं नाही की हातभर लांब होतात. थालीपीठं, कोशिंबीर, भाजी सगळं झालं. आई मोठ्या तवशाची (काकडीची) तवसोळी, म्हणजे गूळ-रव्याचा गोड केक, करायची, तशी झुकिनीची ओव्हनमध्ये जमेल का?

प्रतिसाद १
जमते ताई, मी दरवर्षी करते. मोठी असेल तर बिया, मधला मऊ गर काढून टाका आणि किसलेलं पिळू नका, त्या पाण्यातच रवा फुलतो. २ कप कीस, १ कप तुपावर भाजलेला इडली रवा, पाऊण कप गूळ, अर्धा कप ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ, सगळं शिजवून घट्ट झालं की तूप लावलेल्या टिनमध्ये १८० सेल्सिअसला ४०-४५ मिनिटं. सोडा नको. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, नाहीतर भुगा होतो.

प्रतिसाद २
आधी कच्चा तुकडा चाखून बघा हं, कडू लागला तर अख्खी झुकिनी टाकून द्या, शिजवून तो कडूपणा जात नाही आणि पोट बिघडतं. आमच्याकडे रत्नागिरीला यालाच धोंडस म्हणतात, हळदीच्या पानावर भाजलं की काय वास येतो!

मूळ प्रश्नकर्ती
हळद कुंडीत आहे! उद्याच करते.