एक वर्षाच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ड्युअल क्लचला थरथर: जॉबकार्डवर तक्रार कशी लिहून घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी चार मीटरच्या आतली आहे. एक लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरचा ड्राय ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन कोरडे क्लच, गिअर गाडी स्वतःच बदलते). गेल्या दसऱ्याला घेतली, नऊ हजार किलोमीटरच्या आसपास चालली आहे. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाला नावं ठेवायची नाहीत, गाडी नीट करून हवी आहे.

मुख्य त्रास गिअरबॉक्सचा. सकाळी गार गाडीत काही जाणवत नाही. संध्याकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास सरकत-थांबत गेलं की पहिल्यातून दुसऱ्यात पडताना गाडी थरथरायला लागते. स्टिअरिंगला काही नाही, सीटखाली फ्लोअरमध्ये लागते, कपहोल्डरमधली स्टीलची बाटली खडखडते. ब्रेक सोडल्यावर गाडी आपसूक पुढे सरकते तेव्हा सगळ्यात जास्त. वेग वीसच्या वर गेला की तक्रारीला जागा नाही.

मे महिन्यात माहेरी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात ट्रक बंद पडून कोंडी झाली होती. चढावर इंच-इंच सरकताना स्क्रीनवर आलं की गिअरबॉक्स तापलाय, गाडी सुरक्षित जागी थांबवा. मागच्या सीटवर सासूबाई आणि लहान मुलगा, मागे चिकटून एसटी. थांबायचं कुठे? कशीबशी वळणावर जागा मिळाली. पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहिलो, तेव्हा बऱ्याच वेळाने तो इशारा गेला. त्या दिवसापासून घरचे या गाडीतून घाटात यायला घाबरतात.

सर्व्हिस ॲडव्हायझरचं ठरलेलं उत्तर, "मॅडम, ड्राय क्लच असंच चालतं." एकदा सॉफ्टवेअर अपडेट करून क्लचचं री-लर्निंग (क्लच नेमका कुठे पकडतो हे गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवणं) केलं, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ट्रायल घेतात ती सकाळी, वर्कशॉपमागच्या मोकळ्या रस्त्यावर. आणि जॉबकार्डवर (वर्कशॉप तक्रार आणि काम नोंदवतं तो कागद) मी सांगितलेलं एक अक्षर येत नाही. वर 'जनरल चेकअप', खाली 'नॉर्मल आढळले', झालं. मला धास्ती याचीच आहे. वॉरंटी पुस्तिकेत क्लच हा झिजणारा भाग म्हणून वगळलेला आहे. उद्या क्लच बसला की म्हणतील तुमच्या चालवण्याने झिजला, आणि मी वेळेत तक्रार केली होती याचा कागदच माझ्याकडे नसेल.

बाकी दोन गोष्टी. पाऊस सुरू झाल्यापासून डाव्या पुढच्या सीटपाशी मॅटखाली ओल येते, कुबट वास सुटलाय. गाडीला सनरूफ आहे. आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून कट्ट असा आवाज येतो, त्यासाठी सस्पेन्शनमधला लिंक (जोडदांडा) बदलून देतो म्हणालेत.

ज्यांनी असा गिअरबॉक्स वापरलाय त्यांना विचारायचंय: वॉरंटीत क्लच असेंब्ली बदलून मिळाली का, आणि बदलल्यावर थरथर कायमची गेली का? जॉबकार्डवर नेमकं काय लिहून घ्यायचं?

प्रतिसाद १

ताई, मी गॅरेजवालाच आहे. ड्राय क्लचला ऑइलचा आधार नसतो. गर्दीत गाडी सरकवायची म्हणजे क्लच अर्धवट घासत ठेवायचा, तिथे जी उष्णता होते ती हवेतच जायला हवी, आणि कोंडीत हवा मिळत नाही. थोडं थरथरणं सगळ्यांत असतं हे खरं. पण बाटली खडखडण्याइतकं, तेही नऊ हजारांत, मी 'असंच चालतं' म्हणून सोडणार नाही.

गाडी सकाळी देऊच नका. संध्याकाळी गर्दीतून तापवून थेट वर्कशॉपला न्या आणि इंजिन बंद न करता फोरमनला शेजारी बसवा. ट्रान्समिशनच्या कंट्रोल युनिटला स्कॅनर लावायला सांगा. तापल्याचा कोड (बिघाडाची नोंद) साठलेला असेल तर त्याची प्रिंट मागा. घाटातल्या इशाऱ्याचा फोटो असेल तर तोही जोडा.

तोवर चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा ऑटो होल्ड (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) वापरा. पुढे एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एका दमात पुढे घ्या.

ओलीचं आधी ओळखा. कोरड्या दिवशी एसी लावल्यावरही मॅट ओली होत असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय. फक्त पावसातच होत असेल तर सनरूफ उघडा, कडेच्या पन्हाळीत मगभर पाणी हळूहळू सोडा आणि खाली चाकाजवळ बाहेर पडतं का बघा. पडलं नाही तर नळी तुंबलीय किंवा निसटलीय. नळी साफ करून भागत नाही, कार्पेट उचलून खालचा फोम वाळवून घ्या. त्याच्याखालून वायरिंग जातं.

प्रतिसाद २

वरच्या दादांनी गाडीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

जॉबकार्डवर सही करण्याआधी तक्रार तुमच्या शब्दांत आली का ते पाहा. "गाडी तापल्यावर १ ते २ गिअरमध्ये थरथर, चढावर तापमानाचा इशारा", एवढं पुरे. लिहीत नसतील तर सहीखाली स्वतः पेनाने लिहा आणि तिथेच फोटो काढा. त्याच दिवशी हाच मजकूर डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, सोबत जॉबकार्डचा फोटो. थरथर झिजेमुळे नसून दोषामुळे आहे असं लेखी म्हणा, पुढचा सगळा वाद त्यावरच होणार आहे.

उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे. आयोग गाडीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेऊ शकतो, म्हणून मूळ दोष निघेपर्यंत बाहेर कुठेही गिअरबॉक्स उघडू देऊ नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सनरूफच्या पन्हाळीत मगभर पाणी सोडायचा प्रयोग आज केला. उजवीकडचं पाणी लगेच खाली आलं, डावीकडचं पन्हाळीतच साचून राहिलं. व्हिडिओ काढून ठेवलाय. ईमेलचा मसुदा तयार आहे. शुक्रवारी संध्याकाळी गाडी तापवून नेणार आहे, फोरमनने वेळ दिली आहे.

एवढंच अजून सांगा: स्कॅनरची प्रिंट द्यायला नाही म्हणाले तर स्क्रीनचा फोटो चालेल का? आणि क्लच बदललेलं कुणी इथे असेल तर कृपया नक्की लिहा, त्यानंतर किती किलोमीटर गाडी नीट चालली हे मला कळायला हवं.