मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत कोमोडोला डायव्हिंग, अमावास्येचं उधाण आणि सोबत तेरा वर्षांची लेक

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे आणि आम्हा तिघांना एकत्र सुट्टी तेवढीच मिळते, त्यामुळे तारखा फारशा हलवता येणार नाहीत. इंडोनेशियाला जायचं नक्की आहे. मी आणि लेक, दोघींनी तारकर्लीला ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला) कोर्स केला आहे. नवरा डायव्हिंग करत नाही, पण पट्टीचा पोहणारा आहे. मास्क-स्नॉर्केल लावून तासन्‌तास पाण्यात राहतो. तिघांनाही मँटा (पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड चपटे मासे) बघायचे आहेत. इंडोनेशियाने २०१४ साली आपल्या सगळ्या समुद्रात मँटाच्या शिकारीवर बंदी घातली, हे वाचल्यापासून लेकीने दुसऱ्या देशाचं नावच काढलेलं नाही.

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाचा राजा अंपात हा बेटसमूह मनात होताच. साडेपाचशेहून जास्त जातींची कठीण प्रवाळं तिथे आहेत, आणि केप क्री या एका जागी २०१२ साली जेरी अ‍ॅलन या मत्स्यतज्ज्ञांनी एकाच डायव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या होत्या. पण विमानं बदलत सोराँग गाठायचं, पुढे फेरीबोटीने वैसाई, हे आमच्या सुट्टीत बसत नाही. बालीजवळच्या नुसा पेनिदाला मँटा दिसतात, पण ती जागा बेटाच्या दक्षिण अंगाला, थेट हिंदी महासागराच्या लाटांसमोर. लेकीला बोट लागते. तिथे तिचे हाल होतील.

म्हणून कोमोडो. करांग मकासार ही तिथली मँटाची जागा उथळ आहे, तळ साधारण पाच ते पंधरा मीटरवर. म्हणजे आम्ही दोघी खाली आणि नवरा वर, तिघांनाही एकच मँटा दिसू शकतो. दुसऱ्या कुठल्याही जागेबद्दल वाचताना हे जमेल असं वाटलं नाही.

आता अडचण. तिथे उत्तरेला फ्लोरेस समुद्र, दक्षिणेला हिंदी महासागर, आणि मध्ये कोमोडो, रिंचा वगैरे बेटांच्या अरुंद सामुद्रधुन्या. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्यांतून घुसतं. त्याच पाण्यासोबत खाद्य येतं म्हणून मासे आणि मँटाही येतात, हे कळतं. पण लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण! करंट सर्वांत जोरात असणार तो नेमका तेव्हाच. तारकर्लीला व्हिजिबिलिटी कमी होती, पण पाणी शांत होतं. जोरदार करंटचा आम्हा दोघींनाही अनुभव नाही.

तर तिथे डायव्हिंग केलेल्यांनी कृपया सांगा: दिवाळीत जावं का? जायचं तर कोणते दिवस धरावेत? मुलीला कुठल्या जागी अजिबात नेऊ नये? आणि बुकिंग करण्याआधी डायव्ह सेंटरला नेमकं काय विचारावं? संकेतस्थळावर सगळेच 'नवशिक्यांसाठी योग्य' असं लिहितात.

प्रतिसाद:

ताई, जा. पण भाऊबीज घरी करूनच निघा. अमावास्येनंतर आठवड्याने, शुद्ध अष्टमीच्या आगेमागे, भांगाची भरती असते. पाणी चढतं-उतरतं कमी, म्हणून करंटही त्या मानाने नरम. कोमोडोतले तीन-चार दिवस तिथे बसवा. तुळशीच्या लग्नापर्यंत लांबवू नका, पौर्णिमेला पुन्हा उधाण येतं.

मधले दिवस बालीत तुलाम्बेनला काढा. काठावरून चालत पाण्यात शिरायचं, बोट नाही, लेकीला बरं. तिथलं लिबर्टी हे अमेरिकन मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालं, किनाऱ्यावर ओढून ठेवलं गेलं, आणि १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात समुद्रात सरकलं. आता त्यावर प्रवाळ वाढलंय. सकाळी लवकर पाण्यात उतरा. दक्षिण बालीच्या गाड्या यायच्या आधी पोपटमासे आणि तुम्ही, एवढेच असता. किनारा गुळगुळीत काळ्या गोट्यांचा आहे, पाय घसरतो. फिन्स हातात घेऊन, एकमेकींचा दंड धरून आत जा आणि पाणी कमरेला आल्यावर त्या चढवा. एक सांगून ठेवतो: डायव्ह झाल्यावर त्याच दिवशी किंतामणीच्या रस्त्याने परतू नका. घाट साधारण पंधराशे मीटरपर्यंत चढतो, आणि शरीरात नायट्रोजन असताना एवढी उंची घातक ठरू शकते. किनाऱ्याचा रस्ता धरा. विमानाआधीही शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्या.

कोमोडोत पहिला डायव्ह सबायुर किंवा सियाबा बेसारला मागा. सियाबाला कासवं भरपूर. कॅसल रॉकला लेकीला नेऊ नका, कोणी कितीही म्हणो. बातू बोलोंग अप्रतिम आहे, पण खडकाच्या आडोशातून बाहेर पडलात की पाणी खाली खेचू शकतं. तुमच्या पुढच्या सहलीसाठी ठेवा. करांग मकासार हा वाहत जायचा डायव्ह आहे. प्रवाळाच्या चुऱ्याचं सपाट मैदान खालून सरकत राहतं आणि मध्येच एखाद्या खडकापाशी मँटा घिरट्या घालताना दिसतो; छोटे मासे त्याच्या अंगावरचे परजीवी टिपत असतात. तिथे तळाशी थांबा, पाठलाग करू नका, त्याच्या वर जाऊ नका. बुडबुडे अंगावर आले नाहीत तर तो तुमच्याकडे परत येतो. पोटावरचे काळे ठिपके बघा, प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरूनच अभ्यासक एकेक मँटा ओळखतात.

डायव्ह सेंटरला विचारा: एका गाइडमागे किती जण? आमच्या दोघींसाठी स्वतंत्र गाइड मिळेल का? जागा आदल्या रात्री ठरते की सकाळी पाणी बघून? बोटीवर ऑक्सिजन आहे का? करंट जास्त वाटला तर डायव्ह रद्द करता का, आणि पैशांचं काय? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर दुसरं सेंटर बघा. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा धरलेलं नसतं, तेही तपासा. आणि यजमानांसाठी वेगळा स्नॉर्केलिंग गाइड मागाच. करंट वरच्या पाण्यातही असतोच.

धागाकर्ती:

खूप खूप आभार! तिथीवरून दिवस धरायचे हे डोक्यातच आलं नव्हतं. भाऊबीजेच्या रात्री निघायचं, आधी तुलाम्बेन, मग सप्तमीला लाबुआन बाजो (कोमोडोच्या बोटी सुटतात ते गाव), असं आज घरी ठरवलं. स्वतंत्र गाइडचे पैसे जास्त पडले तरी चालतील, डायव्ह एखादा कमी करू.

अजून एक. कोमोडोत दक्षिणेकडून थंड पाणी येतं म्हणतात. लेक अंगाने बारीक आहे, लगेच कुडकुडते. तिच्या मापाचा पाच मिलिमीटरचा वेटसूट लाबुआन बाजोला भाड्याने मिळतो, की इथूनच घेऊन जावा?