प्रतिसाद: चेहऱ्यावरच्या सोनेरी भेगा
एखाद्याच्या जखमांची खूण म्हणून व्यक्तिचित्रात चेहऱ्यावर भेगा काढल्या, पण त्यांत भरलेला सोनेरी वर्ख महिनाभरात काळवंडला, तो का, असं एका चित्रकाराने विचारलंय. स्वस्त वर्ख तांबं-जस्ताचा असतो. ओल लागली की काळा-हिरवा पडतो, नाशिकच्या पावसाळ्यात तर लवकरच. गोंद बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा वेळी वर्ख बसवा. ओल्या गोंदावर तो सुरकुततो. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने झटकून लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्या. पाण्यातलं वॉर्निश थेट लावलं तर पुन्हा डाग येऊ शकतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भेग कुठे आणि किती, हे जिचं चित्र आहे त्या व्यक्तीलाच ठरवू द्या. आधी पेन्सिलीचं रेखाटन दाखवा. जखम हुबेहूब रंगवू नका. त्याऐवजी गोदाघाट, तुळस, आजीची गोधडी, तिला आधाराचं वाटेल तेच घ्या. तिने नको म्हटलं, तर पूर्ण झालेलं चित्रही प्रदर्शनात लावू नका.